ठोकळ्यांची पेटी : फ्रेडरिक फ्रोबेल ह्यांचे जीवन

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी लहान मुलांसाठी ठोकळ्यांची पेटी असते. कोणी ते ठोकळे ओळखीच्या सुताराकडून करून घेतलेले असतात, तर कोणी एकमेकांत घट्ट बसणाऱ्या रंगीत प्लॅस्टिकच्या विटा नाताळात भेट म्हणून आणलेल्या असतात. मूल दोन-तीन वर्षांचे झाले की आपण ती पेटी त्याच्यापुढे ओततो आणि आपल्या कामाला लागतो. पण हे ठोकळे मुलाच्या हाती प्रथम कसे द्यावेत, कोणत्या क्रमाने द्यावेत आणि दिल्यावर मोठ्या माणसाने काय करावे, ह्याचा विचार करण्यात एका माणसाने आपल्या आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे घालविली. गावच्या लोकांनी त्यांना वेडा म्हातारा म्हटले. सरकारने त्यांच्या कार्यावर नास्तिकपणाचा शिक्का मारला. आज मात्र जगात जेथे जेथे बालवाडी भरते, तेथे तेथे त्यांचे ऋण आहे. त्या फ्रेडरिक फ्रोबेल ह्यांची ही जीवनकथा आहे.

जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात, डोंगराळ आणि जंगलांनी वेढलेल्या ओबरवाइसबाख नावाच्या गावी, २१ एप्रिल १७८२ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील लूथरन मंडळीचे पाळक होते. त्यांच्याकडे आसपासच्या कित्येक खेड्यांतील मिळून सुमारे पाच हजार लोकांची आध्यात्मिक जबाबदारी होती. ते कर्तव्यदक्ष होते, पण स्वभावाने कडक होते, आणि मंडळीच्या कामातून घरच्या मुलांसाठी त्यांना वेळ मिळत नसे. फ्रेडरिक नऊ महिन्यांचा असताना त्याची आई वारली. १७८५ साली वडिलांनी दुसरे लग्न केले. नव्या आईने आरंभी त्या मुलाला जवळ घेतले, पण तिला स्वतःचा मुलगा झाल्यावर तिचे मन फिरले. आपल्या माणसाला तू म्हणून हाक मारावी, तशी ती त्याला हाक मारीना. एखाद्या परक्या गड्याशी बोलावे तशी ती त्याच्याशी बोले. ह्या गोष्टीची जखम त्यांच्या मनातून म्हातारपणापर्यंत गेली नाही.

वडील त्याला वाचन शिकवू लागले, परंतु मुलाला ते लवकर येईना. तेव्हा हा मुलगा मंदबुद्धी आहे असे त्यांनी ठरविले आणि त्याला गावातील मुलींच्या शाळेत घातले. घरात पोरका, शाळेत वेगळा, असा तो मुलगा बहुतेक वेळ एकटाच असे. घराला लागून उंच चर्च होते आणि सभोवती बाग होती. फुले, झाडे आणि दगड हेच त्याचे सोबती झाले.

त्यांच्या बालपणाची एक आठवण येथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. एकदा त्या चर्चच्या दुरुस्तीचे काम निघाले होते. गवंडी दगडावर दगड चढवीत असलेले हा मुलगा खिडकीतून तासन् तास पाहत राही. आपणही एक चर्च बांधावे असे त्याच्या मनात आले. घरात जे काही सापडले ते त्याने गोळा केले व बांधण्याचा प्रयत्न केला. परंतु काही वस्तू फार जड होत्या, काही वेड्यावाकड्या होत्या, आणि एकीचे दुसरीशी माप जुळेना. शेवटी हताश होऊन त्याने तो नाद सोडला. पुष्कळ वर्षांनी त्या दिवसाची आठवण काढून ते म्हणत की मुलाला बांधण्याची इच्छा देव देतो, पण बांधण्याजोगे साहित्य देणे हे मोठ्या माणसांचे काम आहे, आणि तेच आपण विसरतो.

मुलगा दहा वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या मामांनी त्याची स्थिती ओळखली व त्याला आपल्याकडे स्टाटइल्म येथे नेले. मामाही चर्चचे अधिकारी होते, पण फार मायाळू होते. तेथे त्याला प्रथमच बरोबरीचे मित्र मिळाले. मनसोक्त खेळायला मिळाले. ज्या मुलाला मंदबुद्धी म्हणत, तो तेथे चांगला शिकू लागला. मूल तेच होते, फक्त घर बदलले होते.

पुढची वीस वर्षे मात्र फार अस्थिर गेली. पंधराव्या वर्षी त्यांना एका वनाधिकाऱ्याच्या हाताखाली कामाला ठेवले. नंतर ते येना येथील विद्यापीठात गेले. जवळचे पुष्कळसे पैसे त्यांनी भावाला उसने दिले. ते वेळेवर परत आले नाहीत आणि तीस थेलर इतक्या कर्जापायी त्यांना विद्यापीठाच्या बंदीखान्यात नऊ आठवडे काढावे लागले. नाव खाली गेले व शिक्षण अर्धवट राहिले. १८०२ साली वडील वारले. त्यांनी जमीनमोजणी केली, हिशेबनिशी केली, आणि १८०५ मध्ये शिल्पकाम शिकून इमारती बांधाव्यात म्हणून ते फ्रांकफुर्ट येथे आले.

तेथे ग्रूनर नावाच्या एका मुख्याध्यापकाशी त्यांची गाठ पडली. शिल्पकाम सोडून आपल्या शाळेत शिक्षक व्हावे, असे ग्रूनर ह्यांनी त्यांना सुचविले. पहिल्याच दिवशी तीस-चाळीस मुलांपुढे उभे राहिल्यावर फ्रोबेल ह्यांना वाटले की पाण्याबाहेर तडफडणारा मासा आता पाण्यात आला. इमारती बांधायला निघालेला माणूस मुलांच्या सेवेत आला. त्याच वर्षी ते स्वित्झर्लंडमध्ये इव्हर्डन येथे पेस्टालोझी ह्यांची प्रसिद्ध शाळा पाहून आले. पुढे १८०८ ते १८१० ह्या काळात एका घराण्यातील तीन मुलांना घेऊन ते तेथेच राहिले. मुलाने आधी वस्तू हाताळावी, डोळ्यांनी पाहावी, आणि मग शब्द शिकावा, हा धडा त्यांनी तेथे घेतला.

नंतर ते बर्लिनला प्राध्यापक व्हाइस ह्यांच्याकडे खनिजांचा अभ्यास करू लागले. १८१३ साली नेपोलियनविरुद्ध युद्ध पेटले तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून सैन्यात गेले. तेथे मिडेनडॉर्फ आणि लांगेटाल हे ईश्वरविज्ञानाचे दोन तरुण विद्यार्थी त्यांना भेटले व जन्माचे सोबती झाले. युद्धानंतर ते बर्लिनच्या खनिज-संग्रहालयात काम करू लागले. कुलुपबंद, शांत खोलीत ते स्फटिक हाताळीत बसत. एखादा लहानसा खडा घ्यावा, तर त्याच्याही कडा व कोन ठराविक नियमाने बनलेले. ज्या देवाने हा नियम दगडात घातला, त्यानेच तो झाडात आणि लेकरातही घातला असला पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. पुढे लाकडाचे घन आणि विटा त्यांनी मुलांपुढे ठेवल्या, त्यांचे मूळ ह्या खोलीत होते.

१८१३ सालीच त्यांचे बंधू ख्रिस्टोफ, जे ग्रीसहाइम गावी पाळक होते, आजारी सैनिकांची सेवा करता करता ज्वराने मरण पावले. मागे विधवा व तीन मुलगे राहिले. १८१६ मध्ये फ्रोबेल ह्यांनी संग्रहालयाची नोकरी सोडली व त्या तीन पुतण्यांना आणि दुसऱ्या भावाच्या दोन मुलांना घेऊन शाळा काढली. पाच मुलांची शाळा! पुढच्या वर्षी ती काइलहाउ ह्या खेड्यात नेली. मिडेनडॉर्फ व लांगेटाल मदतीला आले. १८१८ साली त्यांचा विवाह बर्लिनच्या एका सुखवस्तू घरातील विल्हेल्मिना हॉफमाइस्टर ह्यांच्याशी झाला. त्या बाईंनी शहरातील सुख सोडून ह्या गरीब शाळेचे कष्ट स्वीकारले. त्यांना स्वतःचे मूल झाले नाही.

ह्या शाळेत कधी अन्नाची चणचण, कधी इमारत अर्धवट, असे चालले होते. फ्रोबेल ह्यांना पैशाचा व्यवहार जमत नसे, आणि दुसऱ्याचा सल्ला ऐकण्याची त्यांना सवय नव्हती. हे दोष त्यांच्या मित्रांनीही झाकून ठेवलेले नाहीत. तरी मुलांची संख्या साठाच्या घरात गेली. १८२६ मध्ये त्यांनी माणसाच्या शिक्षणाविषयीचा आपला मोठा ग्रंथ छापला. पण ही शाळा राजद्रोही विचार पसरविते असा संशय सरकारदरबारी निर्माण झाला आणि आईबापांनी मुले काढून घेतली. बोटांवर मोजण्याइतकी मुले उरली. १८३१ मध्ये ते स्वित्झर्लंडला गेले व १८३५ साली बुर्गडोर्फ येथील अनाथाश्रमाचे काम त्यांच्याकडे आले. अगदी लहान मुले तेथे त्यांच्या पदरी पडली. त्यांच्याकडे पाहताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आपण सातव्या-आठव्या वर्षी मुलाला शाळेत घालतो आणि मग पाया घालू लागतो, पण पाया तर त्याआधीच घातला गेलेला असतो. पहिल्या सहा वर्षांकडे कोणाचे लक्षच नव्हते.

ह्या विचाराने ते मायदेशी परतले. १८३७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी बाड ब्लांकेनबुर्ग ह्या छोट्या गावी लहान मुलांच्या खेळाचे साहित्य तयार करण्याचे काम सुरू केले. ह्या साहित्याला त्यांनी देणग्या असे नाव दिले. ज्याच्या बालपणी कोणी त्याला काही दिले नव्हते, त्याने ह्या खेळण्यांना देणग्या म्हणावे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ठोकळे हे काही फ्रोबेल ह्यांनी शोधून काढलेले नाहीत. त्यांच्या आधीही मुले लाकडाच्या तुकड्यांनी खेळत. फ्रोबेल ह्यांनी त्यांना क्रम दिला. पहिली देणगी तान्ह्या मुलासाठी, लोकरीच्या सहा रंगांच्या सहा मऊ चेंडूंची. दुसरीत लाकडाचा गोल, लाकडाचा घन आणि ह्या दोघांचे गुण ज्यात आहेत असा वर्तुळचिती, म्हणजे दोन्ही टोकांना सपाट असलेला लाटण्यासारखा गोल ठोकळा. तिसरी देणगी म्हणजे पहिली ठोकळ्यांची पेटी. तीत दोन इंचांचा एक घन, आणि तो आठ लहान घनांचा मिळून बनलेला. चौथीत तेवढाच घन, पण तो विटेच्या आकाराच्या आठ तुकड्यांचा. प्रत्येक वीट दोन इंच लांब, एक इंच रुंद व अर्धा इंच जाड. पाचवी व सहावी ह्यांहून मोठी. त्यांत तीन-तीन इंचांचे घन असून त्यांचे काही तुकडे आडवे-तिरपे कापलेले, म्हणजे छप्पर, खांब आणि पायऱ्या करता याव्यात.

आता पेटी प्रथम कशी द्यावयाची ते पाहा. पेटीला सरकते झाकण असे. शिक्षिका झाकण किंचित सरकवून पेटी टेबलावर उपडी ठेवी, मग झाकण ओढून घेई आणि पेटी हळूच वर उचली. मुलापुढे विस्कटलेला ढीग पडत नसे. एक अखंड, नीटनेटका घन उभा राही. मूल त्याला हात लावताच तो सुटा होई. मुलाला कोणतीही वस्तू मिळाली की आत काय आहे हे पाहावेसे वाटते, आणि म्हणून ते खेळणी मोडते. मोठी माणसे त्याला त्याबद्दल मारतात. फ्रोबेल ह्यांनी असे खेळणे दिले की जे उघडून पाहता येते आणि पुन्हा जोडताही येते. जिज्ञासेला शिक्षा नको, वाट हवी, हे त्यांचे म्हणणे होते.

नंतर मूल बांधू लागे. त्याचे तीन प्रकार त्यांनी सांगितले. खुर्ची, जिना, पूल, चर्च अशा रोजच्या जीवनातील वस्तू हा पहिला. फुलासारखी किंवा ताऱ्यासारखी सुंदर मांडणी हा दुसरा. आणि घनाचे दोन भाग, चार भाग, आठ भाग करून संख्या ओळखणे हा तिसरा. दोन नियम मात्र पाळायचे. एक म्हणजे सगळे ठोकळे वापरायचे. एखादा तुकडा उरला, तर तो घराजवळचे झाड किंवा दारातला माणूस होईल, पण टाकून दिला जाणार नाही. दुसरे असे की एक वस्तू उधळून दुसरी करायची नाही. एकेक ठोकळा हलवून खुर्चीचा पलंग करायचा, पलंगाची भिंत करायची. शेवटी सर्व तुकडे पुन्हा एकत्र आणून अखंड घन करायचा व तो पेटीत ठेवायचा. मोठे माणूस जवळ बसे. मुलाने काय केले आहे ते ओळखून त्याचे नाव सांगे, एखादी लहानशी गोष्ट सांगे किंवा गाणे म्हणे. पण मुलाच्या हातातला ठोकळा आपल्या हाती घेत नसे.

१८३९ मध्ये पत्नी विल्हेल्मिना ह्यांचे देहावसान झाले. ते दुःख गिळून फ्रोबेल कामाला लागले. ह्या संस्थेला योग्य नाव मिळत नव्हते. एके दिवशी मित्रांबरोबर डोंगरवाटेने ब्लांकेनबुर्गकडे जात असताना खालचे हिरवे खोरे पाहून त्यांना ते नाव अचानक सुचले. ते नाव किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग. २८ जून १८४० रोजी गावच्या सभागृहात ह्या नावाने संस्थेची रीतसर स्थापना झाली. बागेत रोपाला कोणी ओढून मोठे करीत नाही. माळी पाणी घालतो, तण काढतो आणि वाट पाहतो. १८४४ मध्ये त्यांनी आयांसाठी गाण्यांचे व बोटांच्या खेळांचे पुस्तक काढले. लहान मुलांना शिकविण्याचे काम स्त्रिया अधिक चांगले करतील असे त्यांनी ठामपणे मांडले व तरुण मुलींना त्याचे शिक्षण देऊ लागले. विद्वान लोक हसले.

१८४९ मध्ये ते लीबनस्टाइन येथे राहावयास आले. पांढऱ्या केसांचा एक उंच, कृश म्हातारा शेतकऱ्यांच्या उघड्या पायांच्या पोरांबरोबर टेकडीवर खेळतो, गातो, उड्या मारतो, हे पाहून गावकरी त्यांना वेडा समजत. त्या वर्षी मारेनहोल्ट्झ-ब्यूलो नावाच्या एका सरदार घराण्यातील बाईंनी ते दृश्य पाहिले, आणि हा वेडेपणा नव्हे, ही सेवा आहे, हे त्यांनी ओळखले. पुढे ह्याच बाईंनी हे काम युरोपभर नेले.

आता काम फोफावणार असे वाटत असतानाच मोठा आघात झाला. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाचे शिक्षणमंत्री राउमर ह्यांनी आपल्या राज्यातील सर्व किंडरगार्टन बंद करण्याचा हुकूम काढला. ह्या शाळा मुलांना नास्तिकपणा शिकवितात, असा आरोप होता. कार्ल फ्रोबेल नावाच्या त्यांच्या पुतण्याने शिक्षणाविषयी एक पुस्तिका लिहिली होती. काका आणि पुतण्या ह्यांच्या नावांचा घोटाळा झाला. पाळकाचा मुलगा, पाळकाचा भाऊ, ज्याने दगडाच्या स्फटिकातही देवाचा हात पाहिला, त्याच्या कार्याला देवद्रोही ठरविण्यात आले! त्यांनी मंत्र्यांना लिहिले, राजाकडे अर्ज केला, चौकशी करा म्हणून विनविले. हुकूम मागे घेतला गेला नाही.

ह्या प्रसंगी त्यांच्या सोबतीला त्यांच्या दुसऱ्या पत्नी लुइझा ह्या होत्या. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला होता. फ्रोबेल ह्यांनी मारीएनटाल येथे मुलींचे शिक्षण चालूच ठेवले. २१ एप्रिल १८५२ रोजी त्यांचा सत्तरावा वाढदिवस मुलांनी गाणी गाऊन व फुले वाहून साजरा केला. पेन्टेकॉस्टच्या सुमारास गोथा येथे शिक्षकांची परिषद भरली होती. म्हातारे फ्रोबेल आत येताच सारी सभा उठून उभी राहिली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते अंथरुणाला खिळले. खिडकी उघडी ठेवा, फुले जवळ असू द्या, एवढीच त्यांची मागणी असे. २१ जून १८५२ रोजी त्यांनी शांतपणे देह ठेवला. बंदी तशीच होती. ती उठल्याचे पाहण्यास ते उरले नाहीत. ती १८६० साली उठली.

श्वाइना येथे त्यांची कबर आहे. तिच्यावर घन, वर्तुळचिती आणि गोल एकावर एक ठेवलेले आहेत. मुलांची दुसरी देणगीच तेथे दगडात उभी आहे.

ह्यानंतर त्यांचे काम कोठवर गेले पाहा. १८५६ साली एका जर्मन बाईंनी अमेरिकेत पहिले किंडरगार्टन काढले. १८७६ साली फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात एका आईने ह्या पेट्या पाहिल्या व आपल्या मुलासाठी घेतल्या. तो मुलगा म्हणजे पुढे प्रख्यात झालेले शिल्पकार फ्रँक लॉइड राइट. त्या लाकडी ठोकळ्यांचा स्पर्श आपल्या बोटांत कायम राहिला असे ते वृद्धपणीही सांगत. त्यानंतर दहा वर्षांनी, १८८६ मध्ये, त्याच फिलाडेल्फिया शहरात आपल्या पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी गेल्या. त्यांनी तेथे किंडरगार्टनची शाळा पाहिली आणि आपल्या देशातील विधवा मुलींना ही विद्या द्यावी ह्या हेतूने स्वतः विद्यार्थिनी होऊन ती पद्धत शिकल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदासदन उघडले तेव्हा हे ज्ञान त्यांच्या पदरी होते. थुरिंगियातील एका पोरक्या मुलाच्या दुःखातून उगवलेले रोप असे आपल्या अंगणापर्यंत आले.

एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. फ्रोबेल ह्यांच्या मागे काही शिक्षकांनी ह्या खेळाची कवाईत केली. सर्व मुलांनी हुकमाबरोबर एकच ठोकळा उचलावयाचा, पुस्तकातलीच आकृती करावयाची, असे होऊ लागले. तेथे पेटी राहिली, पण देणगी राहिली नाही.

ज्यांच्या घरी लहान मूल आहे, किंवा ज्यांच्या हाती शब्बाथशाळेचा शिशुवर्ग आहे, त्यांनी महाग खेळणी नाहीत म्हणून थांबू नये. सुताराकडून एका मापाचे आठ घन आणि आठ विटा कापून घ्याव्यात, कडा घासून गुळगुळीत कराव्यात आणि त्यांना एक पेटी करावी. प्रथम थोडेच ठोकळे द्यावेत, आणि तेही नीट रचून. मूल ते पाडील, त्याला पाडू द्यावे. मग जवळ बसावे. त्याने दोन विटा उभ्या करून तिसरी आडवी ठेवली आणि हे चर्च आहे असे सांगितले, तर त्याला शिखर नाही, घंटा नाही, असे म्हणू नये. त्या चर्चमध्ये आज कोण कोण आले आहे, एवढे विचारावे आणि ते काय सांगते ते ऐकावे. खेळ संपला की त्याच्याबरोबर एकेक ठोकळा पेटीत भरावा.